पाव्हण्याची ओवी

"बाई येनार! बोर्डिंगच्या बाई येनार!"

रोझी उजाडल्यापासून अंगणात गिरक्या घेत होती. तिच्या झिपऱ्या उडत होत्या, परकराचा घोळ उडत होता, आणि नुकत्याच सारवलेल्या ओल्या अंगणावर तिच्या टाचांच्या चंद्रकोरी उमटत होत्या.

"रोझे, सारवन वाळू दे की गं!" तिची थोरली बहीण दया ओरडली. पण ओरडता ओरडता तिलाच हसू फुटलं. आज रागवायला जमतच नव्हतं.

पुणतांब्याच्या ख्रिस्ती गल्लीत आज दुसरा विषय नव्हता. ईस्टरच्या उपासनेत दयाने गायलेलं गाणं एलिया मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं होतं, आणि डोळे उघडल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "ही पोरगी नगरला गेली पाहिजे." नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात गाणं शिकवणाऱ्या रूथबाई आज सकाळच्या गाडीने येणार होत्या. दयाचा आवाज ऐकून दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या. आवाज पसंत पडला तर जून महिन्यात दया नगरला! तिथे म्हणे बाजाची पेटी होती. मुली पेटीभोवती उभ्या राहून गात, एकीचा आवाज वर जाई, दुसरीचा खालून त्याला धरून ठेवी. लढाईमुळे साऱ्या मुलखात रॉकेल मिळेना, तरी बोर्डिंगात संध्याकाळी एक कंदील लागे. "आन् मग?" रोझीने मास्तरांना विचारलं होतं. "मग काय, घंटा झाली की सगळ्या मुली निजतात."

त्या शब्दापाशी दयाचं मन अडून बसलं होतं. सगळ्या मुली निजतात. थेट सकाळपर्यंत.

तेरा वर्षांच्या दयाला झोप ठाऊक होती ती कोंबडीसारखी, एक डोळा उघडा ठेवून. अंधार पडला की तिचे कान घराबाहेर पडत. गल्लीच्या तोंडापाशी जाऊन उभे राहत. बाबांच्या वहाणा कशा वाजतात? टाच आधी टेकते की फरफटते? ते खाकरतात कसे? फाटकाची कडी बोटाने उचलतात की मुठीने? कडी वाजायच्या आधी दयाला कळलेलं असे, आज बाबा कोरा आहे की नाही.

कोरा हा त्यांच्या घरातला शब्द होता. पाटी कोरी असते, कापड कोरं असतं, तसा बाबा कोरा.

आणि कोरा शलमोन म्हणजे काय माणूस होता! रेल्वेच्या गँगमध्ये दिवसभर रूळ ठोकून यायचा, आणि आला की ढोलकी मांडीवर. गल्लीतल्या भजनाला त्याच्यावाचून रंग नाही. दयाच्या गळ्यातला पहिला सूर त्यानेच ढोलकीवर बोट घासून बाहेर काढला होता. "हं, पकड! उडालं बघ पाखरू, पकड!" असं म्हणायचा, आणि ती पकडायची. पण नाल्यापलीकडच्या दारूच्या भट्टीवरून तो आला, की तीच बोटं ओळखू येत नसत. मग मडकी फुटत, पोरींच्या आईच्या, कृपाबाईच्या, दंडावर काळंनिळं उमटे, आणि ढोलकी कोपऱ्यात तोंड फिरवून बसे.

आज मात्र तो कोरा होता. रविवारपासून कोराच होता. मास्तरांचा कोट मागून आणलेला, तो अंगात घालून आरशाच्या तुकड्यात दहादा बघून झालं होतं.

"दये, बाप कसा दिसतोय?"

"सायेब!" दया म्हणाली.

"सायेब न्हाई, सायबाचा घोडा," चुलीपुढून कृपाबाई म्हणाली, आणि तिघंही हसली. रोझी तर उगाचच हसली, सगळे हसले म्हणून.

शलमोन बाईंना आणायला मास्तरांबरोबर स्टेशनाकडे निघाला. त्याच्या वहाणा गल्लीतून वाजत गेल्या, टाच टेकवत, नेटक्या. दयाने त्या ऐकल्या, ऐकायच्या नाहीत असं ठरवूनही ऐकल्या, कारण स्टेशनाची वाट नाल्यावरून जात होती आणि नाल्यापलीकडे भट्टी होती.

'जाऊ दे,' ती मनाशी म्हणाली. 'आज न्हाई घाबरायचं.'

हे तिला अवघड होतं. त्या घरात आनंद फार मोठ्याने करायचा नसतो हे ती न सांगता शिकली होती. नाताळात हिरव्या बांगड्या भरल्या म्हणून ती नाचली होती, आणि त्याच संध्याकाळी त्या बांगड्यांच्या काचा आई सुपात गोळा करत होती. तेव्हापासून हसू आलं की तिला मागे वळून बघायची सवय लागली होती, आपल्या हसण्याच्या मागून कोण येतंय म्हणून. आज ती वळून बघणार नव्हती. आज तिने शिकेकाई भिजत घातली होती. परसात दगडावर बसवून तिने रोझीचं डोकं चोळायला घेतलं, आणि तोंडाने नगरच्या पेटीचे सूर काढू लागली, न ऐकलेल्या पेटीचे.

आत जातं फिरत होतं. पोळ्यांना पीठ कमी पडलं म्हणून भिंतीपलीकडची लंकाबाई मदतीला आली होती. लंकाबाई ख्रिस्ती नव्हती. तिच्या सासऱ्याने धर्म बदलला नाही, चुलत सासऱ्याने, शलमोनच्या बापाने, बदलला, तरी दोन्ही घरांची मधली भिंत एकच राहिली होती. आणि भिंत कसली, कुडच तो. इकडे शिंक आली की तिकडून "जीव रे" म्हणायचं. दळायला कृपाबाईच बसली होती, पण मास्तरांच्या घरून कपबशा आणायच्या राहिल्या म्हणून ती मधेच उठली. खुंटा लंकाबाईच्या हाती आला. परसातल्या दयाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त जात्याची घरघर ऐकू येत होती, रोजची.

तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी झाली.

लंकाबाईला उमाळा आला. पाव्हणे आले, आणि जात्यावर पाव्हण्याची ओवी नाही म्हणजे काय? भिंतीपलीकडून तिने कृपाबाईच्या तोंडची एक ओवी किती वेळा ऐकली होती. चाल मोठी गोड होती. तिने पदर खोचला आणि मोकळ्या गळ्याने ती उचलली:

*पाव्हना आला बाई, घोड्याला न्हाई लगाम*
*उडा गं माज्या पाखरांनो, नदीला करा मुक्काम*

दयाच्या हातातली शिकेकाई खाली पडली.

ती ओवी तिने कानांनी ऐकलीच नाही. ती पायांनी ऐकली. आवाज कुणाचा, सकाळ आहे की संध्याकाळ, काही काही मनात येण्याआधी तिने रोझीचं मनगट धरलं होतं, काटेरी कुंपणातल्या भगदाडातून दोघी बाहेर पडल्या होत्या, आणि चिंचेच्या आडोशाने नदीची दरड उतरत होत्या. रोझीच्या डोळ्यांत फेस जात होता, पण ती रडली नाही. पाव्हण्याची ओवी झाली की रडायचं नसतं. नुसतं पळायचं असतं.

त्या ओवीत पाव्हणा कुणी नव्हताच. पाव्हणा म्हणजे बाबा.

कृपाबाईने ती रचली त्याला बरीच वर्षं झाली होती. शलमोन झिंगून गल्लीत शिरला की ती जात्याशी बसे, पीठ असो नसो, आणि ही ओवी म्हणे. त्याला वाटे बायको दळतेय. पोरी मागच्या मागे पसार होत. मग तो ओरडून थकून निजला, की कृपाबाई पदर डोक्यावर घेऊन दरडीवर येई आणि दुसरी ओवी म्हणे:

*पाव्हना निजला बाई, घोड्याचं काढलं जीन*
*या गं माज्या पाखरांनो, किती वाट मी पाहीन*

ही ऐकली की परतायचं. आणि नियम एकच होता, कडक होता: कुणी हाक मारली, कुणी गोडीने बोलावलं, देवदूत आला तरी हलायचं नाही. दुसरी ओवी कानी पडल्याशिवाय घर नाही. कारण एकदा शलमोनने पोरींना गुळाचा खडा दाखवून बोलावलं होतं, आणि पोरी आल्या होत्या.

गोदावरीच्या कोरड्या पात्रात वाळूवर खरबुजांचे वेल पसरले होते. मधोमध छबूबाईची गवताची खोप. वाडी राखणारी छबूबाई कधी काही विचारत नसे. पोरी आल्या की सरकून बसायची आणि एक खरबूज फोडायची. आज तिने कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं.

"आज सकाळीच गं?"

दयाची छाती भात्यासारखी हलत होती. ती खोपीत शिरली, गुडघ्यांत डोकं घालून बसली, आणि मग तिला सगळं एकदम उमगलं. बाई आल्या. बाबा पिऊन आले. बाईंच्या समोर! मास्तरांचा कोट घालून! पेटी गेली. कंदील गेला. निजणाऱ्या सगळ्या मुली गेल्या.

'बघ,' ती स्वतःला म्हणाली. 'हसलीस ना सकाळी?'

इकडे शलमोन रूथबाईंना घेऊन गल्लीत शिरला तो ताठ मानेने. नाला लागला तेव्हा त्याने मान दुसरीकडे फिरवली होती. ते कुणाला दिसलं नाही, पण त्याचं त्याला दिसलं होतं, आणि त्याच तोऱ्यात तो अंगणातून ओरडला, "दये! सलाम कर बाईंना!"

घरात दया नव्हती. परसात नव्हती. दगडावर शिकेकाईचं पाणी सांडलेलं होतं.

"लाजली आसंल," एलिया मास्तर म्हणाले.

"माझ्यापुढे कसली लाज?" रूथबाई बाजेवर टेकल्या. उन्हाने लाल झालेल्या, घाम पुसत असलेल्या, पण हसतमुख. "येईल. दुपारच्या गाडीपर्यंत आहे मी."

शलमोन गल्लीच्या टोकापर्यंत गेला. विहिरीवर बघून आला. मग दरडीच्या बाजूला तोंड करून त्याने हाका घातल्या, "दये! ए दये! रोझे!"

वाळूवरून हाक तरंगत खोपीपर्यंत आली. रोझीने बहिणीकडे पाहिलं. दयाने तिचं डोकं खाली दाबलं, पण तिचे स्वतःचे कान टवकारले होते. वर्षानुवर्षं त्याच एका आवाजावर धार लावलेले ते कान. हाकेत जडपणा नव्हता. शेवटचं अक्षर लोंबत नव्हतं. कान म्हणत होते, कोरा आहे. बाबा कोरा आहे, दये! पाय म्हणत होते, ओवी झाली. आई खोटी ओवी म्हणत नसते.

ती पायांचं ऐकून बसून राहिली.

कृपाबाई कपबशा पदराखाली धरून आली तेव्हा घरात ही धांदल होती. लंकाबाई तिला दारातच भेटली. "अगं कृपे, पोरी कुठं गेल्या? मी आपली दळत हुते, मस्त पाव्हन्याची ओवी म्हनत..."

कपबशा खळ्ळकन वाजल्या.

"कोन्ती?"

"ती तुजीच गं. घोड्याला न्हाई लगामवाली. मला बाई लई आवडती. भाऊ कसा घोडा फेकीत येतोय डोळ्याम्होरं!"

कृपाबाईने तिला कुडाच्या आडोशाला ओढलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. आजवर ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, चर्चच्या पाळकसाहेबांनासुद्धा नाही.

"आक्का, ती पाव्हन्याची न्हाई. ती ह्यांची हाय."

"म्हंजी?"

"ह्ये पिऊन आलं की मी ती म्हनते. पोरी पळून जात्यात. दुसरी म्हनल्याबिगर येत न्हाईत."

लंकाबाईने तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं भिंतीला टेकून तिने ती चाल ऐकली होती, तिच्यावर मान डोलावली होती, सुनेला "ऐक, कशी गोड म्हनती" म्हणून दाखवली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अन् मी मेली त्याच्यावर ठेका धरत हुते गं!"

"कृपे!" शलमोन परत आला होता. कोट घामाने चिकटला होता. "पोरी कुठं जात्यात? तुला ठाव हाय. खरं सांग."

"मला न्हाई ठाव."

"आगं, गाडी जाईल दुपारची! नदीला बघू चल. मी येतो संगं."

मी येतो संगं! कृपाबाई जागच्या जागी थिजली. नदीवर नेलं तर खोप त्याला दिसणार, आणि मग उद्या, परवा, ज्या दिवशी तो कोरा नसेल त्या दिवशी, लेकरांनी जायचं कुठे? न न्यावं तर दयाचं नगर जातंय. एका हातात पोरीचं नशीब, दुसऱ्या हातात पोरींचा आसरा. कुठला हात उघडायचा? आणि घरातून कितीही ओरडून ओवी म्हटली तरी आवाज दरड ओलांडत नव्हता.

मग ती जात्याशी जाऊन बसली. मूठभर दाणे टाकले. खुंटा धरला.

"आगं, पोरी हरवल्या, अन् तू दळाया बसलीस?" शलमोनला काही कळेना. बाजेवरून रूथबाईही बघत राहिल्या.

कृपाबाईने डोळे मिटले आणि सूर लावला:

*पाव्हना निजला बाई, घोड्याचं काढलं जीन...*

लंकाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती जड अंगाची बाई. पण अशी धावली, की तसं धावताना तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या घरात शिरली, आपल्या जात्याचा खुंटा धरला आणि कुडापलीकडचा सूर खाली पडायच्या आत उचलला. मग पलीकडच्या भिंतीवर थाप मारली, "सोने, म्हन गं! मी म्हनते तीच म्हन! मोठ्यांदा! का म्हनून इचारू नको!"

गल्लीत अशी गंमत कुणाला नको होती? पलीकडून आवाज उठला. त्याच्या पलीकडून दुसरा. कुणी दळता दळता म्हणाली, कुणी मिरची कुटता कुटता, एकजण तर लेकराला पाजता पाजता. घराघराच्या भिंतींतून ओवी सरकत चालली, जशी आग लागल्यावर विहिरीपासून हातोहात घागर सरकते तशी. शेवटच्या घरातली म्हातारी बहिरट होती, तिने ऐकलं तसं म्हटलं. तिचं ते म्हणणं दरडीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकलं, आणि धोपटण्याच्या तालावर ओवी गोदावरीच्या वाळूत उतरली.

खोपीत रोझीने मान वर केली.

"दये, ऐक!"

पहिल्यांदा दयाला खरं वाटेना. हा आईचा आवाज नव्हता. हे अनेक आवाज होते, उंच, घोगरे, हसरे, एकमेकींच्या मागून धावणारे. पण चाल आईची होती, शब्द आईचे होते. जवळजवळ आईचे होते.

"पाव्हना निजला बाई, घोड्यानं खाल्लं जीन!" धुणेवाल्या म्हणत होत्या.

"घोड्यानं जीन खाल्लं!" रोझी खिदळली, आणि खिदळत लोळली.

आता छबूबाईही उठली. इतकी वर्षं एक शब्द न विचारलेली छबूबाई खोपीच्या दारात उभी राहिली, आणि कोरड्या, उन्हाने तडकलेल्या आवाजात दुसरी ओळ तिने पुरी केली: *या गं माज्या पाखरांनो, किती वाट मी पाहीन.* "जा," ती म्हणाली. "एवढ्या जनी बोलावत्यात. आन् ह्ये खरबूज न्या पाव्हन्यास्नी."

त्या कशा धावल्या! वाळू पायाखालून पळत होती, ओल्या केसांतून शिकेकाई गळत होती, काखेत खरबूज, आणि दरडीवर धुणेवाल्या हसत, ओवी म्हणत, ओल्या हातांनी वाट दाखवत होत्या. गल्लीत शिरल्या तर दारादारांतून ओवी. ज्या दाराशी त्या पोचत तिथली ओवी थांबे आणि "आल्या गं, आल्या!" असा गलका पुढे जाई. आजवर या गल्लीतून दया चोरासारखी पळाली होती. अशी वरातीसारखी ती कधी घरी आली नव्हती.

गल्लीच्या मध्ये शलमोन उभा होता. तो या दाराकडून त्या दाराकडे बघत होता. ढोलकीवाल्याचा कान होता तो. गाणं कुणाला हाक मारतंय हे त्याला कळत होतं. आपण घसा फुटेस्तोवर ओरडलो तेव्हा न आलेल्या पोरी बायकांच्या एका ओवीवर धावत येताना त्याने पाहिल्या. तो बाजूला झाला, वाट दिली.

घरात गर्दी मावेना. दयाने वाळूने भरलेल्या पायांनी सलाम केला.

"बस," रूथबाई म्हणाल्या. "दम खा. आणि दुसरं काही नको, आत्ता या बायका म्हणत होत्या ना, तेच म्हण."

दयाने आईकडे पाहिलं. कृपाबाईने हलकेच मान हलवली. शलमोनने ढोलकी घेतली, आणि दया गायली. धावून आलेला श्वास, नदीची वाळू, साऱ्या गल्लीचा आवाज, सगळं त्या गळ्यात होतं. शलमोनची बोटं कातड्यावर इतकी हलकी पडत होती, जणू निजलेल्याला जाग येऊ नये म्हणून.

रूथबाई पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "सूर तर आहेच. पण हा कान कुठून आणलास गं? इतका बारीक कान मी तुझ्या वयाच्या मुलीत पाहिला नाही."

दया पायाची वाळू झटकत राहिली. काय सांगणार?

"आणि हिच्या आधीची एक ओवी असेल ना?" रूथबाई सहज बोलून गेल्या. "पाव्हणा निजला, म्हणजे आधी तो आलाही असेल."

कृपाबाईने लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाई पुढे सरसावली, "त्ये ऱ्हाऊ द्या बाई, त्ये आपलं..." पण रोझीला कोण अडवणार? आज सगळे गात होते, तिलाही गायचं होतं. ती उभी राहिली आणि चिमण्या आवाजात पहिली ओवी तिने ठणठणीत म्हटली. *पाव्हना आला बाई, घोड्याला न्हाई लगाम.* आणि "मुक्काम" म्हणता म्हणता तिचे पाय आपोआप मागच्या दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी ती थांबली. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून गोंधळली.

"ही झाली की पळायचं असतं," तिने बाईंना समजावून सांगितलं.

ढोलकी थांबली होती. शलमोनचा पंजा कातड्यावर उघडाच राहिला होता.

"पाव्हना म्हंजी मी व्हय?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. "माज्याच घरात?"

मग त्याने कोट काढला, घडी घातली, मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर अंगणात जाऊन बसला.

रूथबाईंनी पोळी खाल्ली, खरबूज खाल्लं, आणि निघताना म्हणाल्या, "जूनमध्ये हिला घेऊन या मास्तर."

गल्ली ओरडली. बायका एकमेकींना टाळ्या देऊ लागल्या. फक्त दया उभी होती, परकर मुठीत आवळून.

"मी न्हाई येत."

"आगं येडे!" लंकाबाई म्हणाली.

"रोझी बारकी हाय. तिला नुसती ओवी कळती. वहाना कळत न्हाईत, कडी कळत न्हाई. मी गेले तर आयकनार कोन?"

तेव्हा लंकाबाईने कमरेवर हात ठेवले आणि आवाज असा चढवला, की अंगणात बसलेल्यालाही शब्दन् शब्द पोचावा. "कोन म्हंजी? आगं, आता ती ओवी तुमच्या एका घराची ऱ्हायली व्हय? साऱ्या गल्लीच्या तोंडात बसलीया! कुनाच्या वहाना फरफटल्या की पयल्या दारातली म्हननार, शेवटच्या दारापातूर जानार. रोझी माज्या घरात नायतर सोनीच्या घरात. नदीपातूर जायची गरज काय? घोडं बिनलगामाचं आलं, तर आधी ह्या लंकीला तुडवून जाईल."

"आन् लंकीला तुडवायचं म्हंजी घोड्याचाच पाय मोडायचा," कुणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला. त्या हशात दयाच्या मुठी सुटल्या. परकर चुरगळून गेला होता.

मे महिन्यात एकदा शलमोन भट्टीवरून आला. वहाणा फरफटत गल्लीत शिरला, आणि पहिल्या दारातून ओवी सुरू झाली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तो थांबला. उजवीकडून 'पाव्हना आला', डावीकडून 'पाव्हना आला', साऱ्या गल्लीने त्याला ओळखलं होतं. तो बराच वेळ मधोमध डुलत उभा राहिला. मग वळला आणि ख्रिस्ती देवळाच्या ओट्यावर जाऊन आडवा झाला. त्यानंतर तो प्यायलाच नाही असं नाही. पण ज्या दिवशी प्यायला त्या दिवशी ओट्यावरच निजला, आणि घरातल्या मडक्यांना काळी होईपर्यंत जगायला मिळालं.

जूनमध्ये दया निघाली. शलमोन पुढे, डोक्यावर तिची ट्रंक. मागून दया, रोझी, कृपाबाई, आणि अर्धी गल्ली. रोझीने विचारून विचारून भंडावलं होतं. बाजाच्या पेटीला दात असतात का, नगरची खरबुजं मोठी असतात का, बोर्डिंगात घोडा आहे का. दया तिला सांगत होती, हसत होती, मोठ्याने हसत होती.

फलाटावर शलमोनने ट्रंक उतरवली, घाम पुसला, खाकरला. ते खाकरणं ऐकून दया चमकली. बाबा आज कोरे होते. पण ते तिला आत्ता, या क्षणी कळत होतं. गल्लीपासून इथपर्यंत, नाल्यावरून, भट्टीच्या वाटेवरून ती त्यांच्या मागे चालत आली होती, आणि वहाणा कशा वाजतात ते ऐकायचं ती साफ विसरून गेली होती!

गाडी धडधडत आत शिरली. गलका, धूर, "चढा, चढा!" शलमोनने ट्रंक आत सरकवली, खिडकीशी आला. बोलायचं म्हणून बराच वेळ गज चाचपत राहिला.

"सुट्टीला ये. पाव्हनी नको हूस."

"तुमी बी, बाबा," दया म्हणाली.

त्याने मान खाली घातली, मग वर केली, आणि खिडकीच्या लाकडावर दोन बोटांनी ठेका धरला. हलका, जुना, पाखरू उडवणारा ठेका. गाडी हलली. तो चालू लागला, ठेका सोडला नाही. रोझी परकर उचलून धावत होती, लंकाबाई धापा टाकत होती, आणि खिडकीतून अर्धी बाहेर झुकलेल्या दयाने वाऱ्यात केस मोकळे सोडून सूर लावला. ओवी नवी होती. शब्द अजून सुचायचे होते.